शून्य असलं तर?

गणित विभागात आजवर एकही बाई प्राध्यापक झाली नव्हती, आणि विभागप्रमुखांचं चाललं असतं तर पुढेही झाली नसती. धाकटी तिथे वर्षानुवर्षं शिकवत होती, पण त्यांच्या हाताखाली, सहायक म्हणून. आज त्या जागेसाठी तिचं व्याख्यान होतं. रिवाज असा, की उमेदवाराने कागद न घेता आपला नवा सिद्धांत फळ्यावर सिद्ध करायचा, मग बाहेर थांबायचं आणि आत मतदान. ही जागा हुकली की जन्मभर सहायकच!

मागच्या बाकावर तिची थोरली बहीण, ताई बसली होती. गणिताशी तिचं कायमचं वाकडं, पण आई गेल्यावर धाकटीला शिकवलं ते तिनेच.

धाकटी सुसाट सुटली होती. फळा निम्मा भरला, तोच प्रमुखांनी बोट वर केलं.

"बाई, इथे दोन्ही बाजूंना या संख्येने भागलंत. ती शून्य असली तर?"

खसखस पिकली. शून्याने भागायचं नसतं हे शाळकरी पोरांनाही ठाऊक. धाकटीने ती ओळ पुन्हा वाचली; चूक खरी होती.

ती फळ्याजवळ सरकली. असली शून्य तर? असू दे की! तिने तिथे शून्य ठेवलं मात्र, अर्धी पदं धडाधड गळून पडली आणि उरलेली आपोआप जुळली. अरे देवा, ती संख्या कोणतीही घेता येत होती, मुद्दामच शून्य घ्यायला हवी होती! तिने डस्टर उचललं, दोन वर्षांची मेहनत पुसली आणि मोजक्या ओळींत सगळं सिद्ध करून टाकलं.

"पुसलंस का गं? चुकलं होतं?" बाहेर येताच ताईने गाठलं.

"चुकलं म्हणून तर सापडलं, ताई!" धाकटीला हसू आवरेना.

"ते राहू दे. जागा मिळेल ना?"

तेव्हा कुठे धाकटीला जागा आठवली आणि तिने दाराला कान लावला. आत नुसता आरडाओरडा चालला होता. चिठ्ठ्या टाकायला एवढा गोंधळ कशाला?

दार धाडकन उघडलं. दारात प्रमुख, कोट खडूने पांढराफटक.

"बाई, आत या लवकर! यातून पुढे काय निघतं यावर आमचं भांडण जुंपलंय."

ताई आडवी आली. "अहो सर, आधी जागेचं काय झालं ते सांगा!"

"जागा?" प्रमुख गोंधळले. "ती केव्हाच दिली हो!"

ताईला रडू फुटलं. धाकटीने मात्र ते ऐकलंच नाही. ती प्रमुखांच्या बगलेखालून आत घुसून खडू शोधत होती.