भट्टीतली वांगी आणि भिलाची छाती

मी बोलतोय, नंदुरबारच्या रतिलाल शेटच्या कापसाच्या जिनातला फावडा. या मुलखाचा कापूस माझ्या जोरावर मुंबईला जायचा. मी नसतो तर बॉयलर थंड, सरकी काढायची यंत्रं बंद, आणि शेट गादीवर आडवे. आता माझ्यात जोर तो कसला? पोलादी पत्र्याचा तुकडा आणि बाभळीचा दांडा, एवढीच माझी मिळकत. जोर होता तो भिलाच्या दंडात. आणि शेट म्हणाल तर बॉयलर धडधडत असतानाही गादीवर आडवेच असायचे.

मी थोडा शिकलेलाही आहे, हे आधीच सांगून ठेवतो. लोहाराच्या भात्यापुढून निघाल्यावर मला कुणी विकत घेईना, तेव्हा एक पावसाळा शाळेच्या पडवीत टेकून काढला. मुळाक्षरं कानावर पडत होती. 'ढ' आला आणि मास्तरांनी मला परसातला चिखल ओढायला पाठवलं. तिथेच शिक्षण संपलं. पुढची अक्षरं मला येत नाहीत, आणि अजून कुठे अडलेलं नाही.

तिथून मी जिनात आलो. तीसच्या सालानंतरचे दिवस ते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायच्या, रेल्वेने दगडी कोळसा यायचा, आणि भिला बॉयलरच्या तोंडाशी उभा राहायचा. भिला दोधू, ब्राह्मणपुरीचा. उंच, काळा, हसरा. मला हातात घेण्याआधी तो रोज माझ्या दांड्यावर थुंकायचा. बाकीच्यांच्या हातून मी मुद्दाम निसटायचो. भिलाच्या हातात मात्र शहाण्यासारखा वागायचो. नाहीतर भट्टीत फेकलं असतं मला.

माझं खरं नाव झालं ते दुपारच्या सुट्टीत. भिलाची बायको गजराबाई भाकरी आणि ठेचा घेऊन यायची, पदरात दोन-चार हिरवी वांगी. भिला मला बादलीत धुवायचा, वांगी माझ्यावर मांडायचा आणि मला भट्टीच्या तोंडात सरकवायचा. साल काळी पडली की बाहेर. तिथेच बसून गजराबाई लसूण, मिरची, शेंगदाणे ठेचून भरीत करायची. अख्ख्या जिनात वास जायचा. शेट घरी कांदा-लसूण खात नसत. जिनात ते नेमके त्याच वेळेला बॉयलरचा काटा तपासायला यायचे, आणि काटा बघता बघता त्यांची बोटं चाटून स्वच्छ व्हायची.

आता कोळशाचं सांगतो. ढिगात मी घुसलो की भुकटीचा काळा ढग उठायचा आणि भिलाच्या तोंडावर जायचा. ढिगावर पाणी शिंपडलं असतं तर तो बसला असता. पण शेटचा हुकूम होता, "पाणी नाय मारायचं, वाफ मरते." भिलालाही ते पटायचं. सुक्या कोळशाने काटा झरझर चढायचा, आणि काटा चढला की भिला मिशीला पीळ द्यायचा. मग धुळीचं काय? तर त्यावर गूळ होता. सुट्टी झाली की शेट प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ धुऊन निघते, असं शेटपासून हमालापर्यंत सगळे मानायचे. मी 'ढ'पर्यंतच शिकलेला, पण मलासुद्धा कळायचं की गूळ जातो पोटात आणि धूळ जाते छातीत, आणि त्या दोघांची वाटेत गाठ पडत नाही. पण फावड्याला कोण विचारतो?

पहिल्या वर्षी भिला नाकाला ओलं फडकं बांधायचा. गुळावर भरवसा बसला तशी ती सवय सुटली. वर खोकला आला की विडी. विडीने छाती मोकळी होते, हे आणखी एक शहाणपण.

हंगामामागून हंगाम गेले. पुढे पुढे भिला थोडा कोळसा टाकला की थांबायला लागला. माझा दांडा जमिनीवर टेकवायचा, त्यावर हनुवटी ठेवायचा आणि डोळे मिटायचा. मी खूश. म्हटलं, इतक्या वर्षांनी माझा लाड करतोय. नंतर लक्षात आलं, हा लाड नव्हे, हा दम आहे.

गजराबाईच्या ते आधीच लक्षात आलं होतं. एका दुपारी ती म्हणाली, "काय व्हयनं तुमले? बैलगाडीनं चाक वाजस तशी छाती वाजी ऱ्हायनी."

"काही नही वं. धूर लागना."

"आनि हाई काया थुका?"

"कोळसामा काम करस, मंग थुका काय पांढरा पडी?"

"गूळ खादा का?"

"खादा ना. दोन खडा खादा."

ती हसली नाही. मला हसू येत होतं, पण तिचं तोंड बघून आवरलं.

मग एक दिवस माझ्या हातून, म्हणजे माझ्या धारेने, एक चांगलं काम झालं. वांगी भाजून झाली होती. भिलाने मला वांग्यांसकट बॉयलरच्या कट्ट्यावर टेकवलं होतं. शेट आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि भरीत होण्याआधीच माझ्यावरचं सगळ्यात मोठं वांगं उचलायला गेले. मी तापलेलो. शेटचं बोट भाजलं, त्यांनी हात झटकला, मी घसरलो आणि थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर उतरलो. वांगी चारी दिशांना. शेट एका पायावर उड्या मारत "ओ बाप रे, ओ मारी बा" करत होते, आणि भिला हसता हसता खोकायला लागला. खोकता खोकता खाली बसला. त्याला उठता येईना.

डॉक्टर चुनीलालना बोलावलं होतं ते शेटच्या अंगठ्यासाठी. ते आले, बॅग उघडली, अंगठा हातात घेतला. आणि तसाच धरून मान वळवली. "हा आवाज कुणाचा?"

"भिला आहे तो," शेट म्हणाले. "तुम्ही माझा पाय बघा."

"पाय ठीक आहे. मीठ-पाण्यात बुडवा." डॉक्टरांनी पाय खाली ठेवला आणि भिलाकडे गेले. शेटचं तोंड असं झालं की त्या एका दृश्यासाठी मी पुन्हा पडायला तयार होतो.

डॉक्टरांनी भिलाची छाती ठोकली, नळी लावली, किती वर्षं भट्टीवर आहेस ते विचारलं. गजराबाई पदर घट्ट धरून उभी होती. "दाक्तरसाहेब, खय शे का?"

"क्षयाची खूण मला दिसत नाही. थुंकी तरी तपासू. पण ही धूळ आहे, बाई. कोळशाची. श्वासाबरोबर आत जाते आणि फुफ्फुसात बसते. तिथला भाग कडक होत जातो, मग हवा पुरत नाही."

"मंग काढी टाका ना."

"बसलेली धूळ काढायचं औषध नाही. मला माहीत असतं तर मीच शेट झालो असतो. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात."

"आनि गूळ?" भिलाने विचारलं.

"गोड असतो," डॉक्टर म्हणाले.

गजराबाई पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "मन्ही मावशीले गाठ व्हयनी व्हती. तिले खावाय नही, तिले झोप नही. यासले गाठबिठ ते नही ना व्हनार?"

डॉक्टरांनी नळी गुंडाळली. "कर्करोग म्हणतेस ना? डांबरात काम करणाऱ्यांच्या कातडीला तो होतो, हे पाहिलेलं आहे. कोळशाच्या धुळीने छातीत होतो का, यावर शिकलेली माणसंही अजून भांडताहेत. होईलच असं मी म्हणणार नाही, होणारच नाही असंही म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण विडी आजपासून बंद, आणि भट्टी जितक्या लवकर सुटेल तितकं बरं."

इतक्या डॉक्टरांची, वैद्यांची, मांत्रिकांची बोलणी मी ऐकली. "मला माहीत नाही" म्हणणारा हा एकच. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो तेव्हाच. गजराबाईचाही बसला असावा, कारण तिने भिलाच्या कानामागची विडी काढली आणि भट्टीत टाकली.

भिला लगेच ऐकणारा नव्हता. होळीपर्यंत राहिला. नाकाला फडकं बांधलं, चोरून ढिगावर पाणी शिंपडलं, आणि गंमत म्हणजे वाफ मेली नाही. काटा थोडा सावकाश चढायचा, इतकंच. शेटना ते कळलंही नाही. ते अंगठा सांभाळत लांबूनच काटा बघायचे.

होळीनंतर भिला ब्राह्मणपुरीला परतला. माझी कड झिजून वाकडी झाली होती, म्हणून शेटनी मोठ्या मनाने मला त्याच्याबरोबर जाऊ दिलं. आता माझं काम शेणखत ओढायचं, आणि चुलीपुढे वांगी भाजायचं. वांगी भिलाच्याच वाफ्यातली. त्याचा खोकला गेलेला नाही. बांध चढताना थांबतो, मला टेकून उभा राहतो. पण आता समोर काळा ढग नसतो, तापीवरचा वारा असतो. शेजारणींची नक्कल करतो, गजराबाईचा मार खातो. एकंदरीत बरं चाललं आहे.

मी म्हातारा झालो, खोड्या कमी झाल्या. जाता जाता एकच मागणं. जिथे कोळसा ओढतात तिथे त्याच्यावर पाणी मारा, नाकाला ओलं फडकं बांधा, आणि गूळ खायचा तर गूळ म्हणून खा, औषध म्हणून खाऊ नका. एवढं कराल तर माझी पोरंबाळं, म्हणजे तुमच्या घरातले नवे फावडे, तुमच्या पायावर पडणार नाहीत. मी शब्द देतो. अर्थात माझ्या शब्दाचा काय भरवसा.

हे सगळं आज आठवायला कारण झालं. सकाळी दारात टांगा थांबला आणि शेट उतरले. भिला वाफ्यातून उठला, हात धोतराला पुसले, पाट टाकला. शेट गोड हसले.

"भिलाभाई, हंगाम आला. नवा माणूस ठेवला, पण कच्चा आहे. काटा चढतच नाही. तू फक्त महिनाभर ये आणि त्याला शिकव. तू कोळसा टाकायचा नाही, जवळ उभा राहा. तुझ्यासारखा फायरमन या जिल्ह्यात नाही."

भिलाची मिशी फुलली, तेव्हाच मी ओळखलं, हा पाघळला. त्याचा हात मिशीकडे गेला, नजर माझ्याकडे आली. मला माहीत आहे ना तो, जवळ उभा राहणारा माणूस नाही. पहिल्याच दिवशी फावडा हिसकावून घेईल.

"महिनाच ना शेटजी?" तो म्हणाला. आणि तेवढ्याने त्याला दम लागला. पुढचं बोलायला तो माझ्या दांड्यावर टेकला.

गजराबाई चुलीपुढून उठली. तिने मला भिलाच्या हातातून काढून घेतलं, शेटसमोर उभं धरलं आणि अगदी सावकाश म्हणाली,

"शिकाडनं शे ना शेटजी? मंग त्या नवा मानूसले आठे धाडा. पहिले त्याना कान मन्हा नवराना छातीले लावसू. ते ऐकीसन बी त्याले फावडा धरना व्हई, ते मी सोता त्याना हातमा दिसू."