निळी पडलेली धार

मी दातांची डॉक्टर. बावीस वर्षं लोकांच्या तोंडात यंत्र फिरवलं, तेव्हा पोलाद घासण्यात काय एवढं मोठं, अशा घमेंडीत मी एवारिस्तो उस्तादांच्या भट्टीवर सुरी घडवायला शिकायला गेले. आमच्या आसूल गावात सुरी करावी ती त्यांनीच. वय एकोणऐंशी, पण तापलेल्या पात्याच्या नुसत्या रंगावरून आच ओळखायचे. त्यांचा अंदाज एकदाही चुकलेला मी पाहिला नाही.

माझी पहिली सुरी वाकली. दुसरी तेलात बुडवताच तडकली.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या खुर्चीत बसायची मला आता भीती वाटते," उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी नवं पातं घडवायला आणखी एक जुनी कानस माझ्या हातात ठेवली.

रविवारी अंगणात मांस भाजलं की उस्ताद स्वतःच्याच सुरीनं जेवायचे. दुसऱ्या कुणाच्या सुरीला हात लावायचे नाहीत. "तुमची जमली की तिनं जेवेन," असा त्यांनी मला शब्द दिला होता. पण या रविवारी त्यांची मुलगी मिर्ता त्यांना कायमचं समुद्रकाठच्या मार देल प्लाताला न्यायला येणार होती. माझ्या हातात एकच आठवडा उरला.

तिसरी सुरी छान उतरली. पात्याला पाणी नीट बसलं, ते कडक झालं, ओव्हनमध्ये शेकून त्याचा ठिसूळपणाही काढला. राहिली फक्त धार. यंत्रावर धार लावताना पातं सारखं गार करत राहायचं, हे उस्तादांनी मला शंभरदा बजावलं होतं. शनिवारी मी घाई केली आणि टोकाजवळ बोटभर निळा डाग उठला. म्हणजे तिथलं पाणी गेलं, धार मऊ पडली.

दातातली कीड न काढताच वर चांदी भरून देणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. आणि त्या दिवशी मी घासकागद घेऊन तो डाग पुसून टाकला. लाज वाटत होती, तरी पुसला.

रविवारी उस्तादांनी माझी सुरी उन्हात धरून पाहिली, आणि स्वतःची म्यानात सरकवली. त्यांचे डोळे भरून आले होते. बरगडीचं मांस दातांत धरून ओठांजवळून कापायला त्यांनी हात उचलला, आणि मला राहवेना.

"थांबा! टोक निळं पडलं होतं. मी घासून लपवलं."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच सुरीनं मांस कापलं. चार घासांत टोकाची धार मुडपली. त्यांनी ती धारेच्या सळईवर घासून सरळ केली, कापलं, पुन्हा सरळ केली. अख्खं जेवण असंच चाललं.

"बाबा, दुसरी घ्या ना!" मिर्ता वैतागली. "आणि आटपा, सामान गाडीत ठेवलंय."

"काढ ते खाली."

"म्हणजे?"

"अगं, धार सगळेच जाळतात. मीही जाळल्यात, वर लपवल्यात. बाईंनी भर पंगतीत सांगितलं. त्यांना अर्धवट सोडून मी समुद्र बघत बसू?"

"पण किती दिवस, बाबा?"

"ते बाईंना विचार. मला काय माहीत त्या आणखी किती कानसी वाया घालवणार!"

सगळे हसले. मी डोळे पुसले, उठले, आणि मिर्ताच्या आधी गाडीपाशी जाऊन उस्तादांची पेटी खाली उतरवली.