अस्वलाची पाठ

केस.

पांढरे. धनगराकडून आणलेली लोकर, घोंगडीवर टाचलेली: सिनेमातल्या अस्वलाचा पोशाख. टाके बाळाबाईचे, आणि आत शिरणारा तिचा नवरा, कृष्णात पैलवान. अस्वल चार पायांवर चालणार, कॅमेऱ्याला पाठ दिसणार, म्हणून बांधायचे बंद पोटाखाली, लोकरीत लपवलेले. एकदा आवळले की आतल्या माणसाला आपले आपण सुटायचे नाहीत.

संस्थान विलीन झालं, दरबारचा खुराक थांबला, आणि कोल्हापुरातल्या तालमींत बदाम कुटायचा आवाज बंद पडला. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एक पैलवान उत्तर ध्रुवावर पोचला. ध्रुव म्हणजे स्टुडिओचं पत्र्याचं छप्पर, खाली पसरलेलं मीठ, मागे कापसाचे डोंगर. आणि एप्रिल.

"ते पुठ्ठ्याचे पेंग्विन काढा," नृसिंह मास्तर म्हणाले. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. जनावरांची माहिती द्यायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, आणि आल्यापासून त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. "पेंग्विन दक्षिणेला, अस्वल उत्तरेला. जन्मात गाठ नाही."

"प्रेक्षक मधोमध राहतात, मास्तर," दिग्दर्शक अंबादासपंत म्हणाले. "पेंग्विन राहू देत."

कातडी.

कृष्णातचा हात लोकरीच्या बाहीतून बाहेर आला तसा गुंडू खो खो हसला.

"पंत, अस्वल पांढरं आन् आतला माल डांबर!"

"ते मात्र बरोबर आहे," मास्तर त्रासून म्हणाले. "तिकडच्या अस्वलाची कातडी काळीच असते. भादरलं तर काळं निघेल."

"मंग आमचा किस्ना अस्सल हाय की!"

सगळे हसले. गुंडू या सिनेमाचा नायक. त्याआधी तोही पैलवान. खासबागेच्या मैदानात या दोघांची कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली होती आणि अंधारामुळे सोडवावी लागली होती. कुणाचीच पाठ लागली नाही. पण गुंडू तेव्हापासून गावभर सांगत फिरे, घटकाभर उजेड असता तर किस्नाला आस्मान दावलं असतं. उभ्या आयुष्यात कृष्णातच्या पाठीला माती लागली नव्हती. खुराक गेला, गदा गेली, पोरं पाया पडायची ती थांबली. राहिली एवढी पाठ.

चरबी.

कृष्णातला नाही. होती ती विलीन झाली.

अस्वलाला चार बोटं जाड. थंडी आत येत नाही, तशी ऊब बाहेर जात नाही. म्हणून ते जनावर पळत नाही, डुलत चालतं. पळालंच तर आतल्या आत उकडून निघतं. मग बर्फावर पोट टेकून पसरतं, चारी पाय फेकून, आणि गार होतं. हे मास्तर सांगत. ऐकत दोघंच, कृष्णात आणि बाळाबाई.

"आन् बाई?" तिनं दातानं दोरा तोडत विचारलं.

"मादी बर्फात बीळ करून विते. महिनोन् महिने आत. पोटात अन्नाचा कण नाही, वर पिलांना पाजते."

"आन् बाप कुठं असतोय?"

"जवळ नसतो. असला तर एखादे वेळी पिलंच खातो."

"म्हंजे कुठंबी जावा, बाईची गत तीच," बाळाबाई म्हणाली आणि दुसरा दोरा ओवायला घेतला.

पोट.

अस्वल गोळी लागून मरणार, अशी बोली होती. त्या दिवशी पोटाचे बंद आवळून झाले, मुंडकं चढवून झालं, दिवे पेटले, आणि मग अंबादासपंत म्हणाले, "बंदूक नको. कुस्ती होऊ दे. नायक अस्वलाला चीत करतो."

अस्वलाच्या तोंडातून आवाज आला, "हे कुणाचं डोस्कं?"

"गुंडूरावांनी सुचवलं. आणि खरंच आहे. बंदुकीनं कुणीही मारेल. आपल्या माणसाला जिंकणं एकच कळतं, पाठ लागली पाहिजे."

"अस्वल पडंल. पालथं पडंल."

"पालथं पडलं तर हरलं कुठे?"

"मास्तर, सांगा की ह्यास्नी! उकडलं की पालथंच पडतंय न्हवं?"

मास्तर पेंग्विनकडे बघू लागले. "उताणं मरत नाही," ते म्हणाले, "असं काही कुठे लिहिलेलं नाही."

"आरं येड्या," गुंडू जवळ येऊन म्हणाला, "आत कोण हाय ते कुणाला दिसणार हाय?"

"तुला."

नाक.

सील नावाचा प्राणी बर्फाखाली पोहतो आणि श्वास घ्यायला भोकाशी येतो. अस्वल वासावर ते भोक शोधतं आणि तिथे बसून राहतं. तासन् तास. हलत नाही. घाई सीलला असते.

गुंडूनं पट काढला, पाय धरून ओढले, अस्वल खाली आलं. आलं ते पोटावर. हातपाय चारी बाजूंना फेकून मिठाला चिकटलं. गुंडू वर बसला, काखेत हात घातला, उचललं. नाही. मान पिरगाळली. नाही. कॅमेरा घरघरत होता. घाई गुंडूला होती.

"फिर की सुक्काळीच्या!"

आत घाम डोळ्यांत, डोळे मिटलेले, तोंडात लोकर, हनुवटी सोलून मीठ आत गेलेलं, आणि पत्र्याखालचा तो सगळा उकाडा एका घोंगडीत शिवून टाकलेला, आणि कृष्णातला वाटलं आता गार होईल, पोट टेकलंय, आता

पाठ.

"कट!" पंत ओरडले. अस्वल उठलं नाही.

"आत उकडतोय तो," मास्तर किंचाळले. "सोडवा!"

"बंद पोटाखाली हाईत," गुंडू म्हणाला. "उताणा करा. धरा रं चौघं!" त्याच्या आवाजात काळजी होती. खरीही असेल. पण कृष्णातच्या कानात शिरलं ते फक्त 'उताणा', आणि लोकरीतली बोटं मिठात रुतली. चौघांनी ओढलं. हललं नाही.

"मरंल की ह्यो!" गुंडू ओरडला.

"सरका," बाळाबाई म्हणाली.

तिच्या हातात कात्री होती. मानेपाशी टोक खुपसून तिनं कण्यावरून सरळ खाली कापत नेलं. रात्रंदिवस खपून घातलेले टाके एकेक सुटत गेले.

"अगं बाई, पोशाख!" पंतांनी डोक्याला हात लावला.

पांढरं फाटलं. आतून काळं निघालं. वाफाळत होतं, वर खाली होत होतं. त्या पाठीवर मिठाचा एक खडा नव्हता.

बाळाबाईनं पाण्याची कळशी पाठीवर उपडी केली.

"ऱ्हायली न्हवं पाठ? उठा आता. उद्यापास्नं हीच शिजवून खायाची हाय."

कृष्णातनं डोळे उघडले. उठला मात्र नाही. गुंडूचे पाय अजून समोरच होते, कुस्ती सुटली नव्हती.