नऊ नंबरचा खिळा

डोंगरीवर जाणाऱ्या प्रत्येकाने खाली पाटीवरचा आपला पितळी बिल्ला काढून सोबत घ्यायचा आणि चक्कर पुरी करून उतरला की परत आपल्याच नंबरच्या खिळ्याला टांगायचा, ही रीत शामरावांनी घातली होती. भिलाईच्या कारखान्यात सुरक्षेच्या कामावर त्यांची तीस वर्षं गेली होती. पाटी भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतर जंगलातही आणला. वाटेच्या तोंडाशी जंगलखात्याची एक चौकी होती, तिच्या भिंतीला पाटी कायमची ठोकलेली असे आणि चौकीदार तेजराम संध्याकाळी बिल्ले काढून आत ठेवी. भिलाईच्या सेक्टर दोनमधली आणि आसपासची पंधराएक मराठी माणसं दर फेब्रुवारीत दोन जीपगाड्या करून इथे येत. सागाच्या जंगलातून चढायचं, माथ्यावर डबे खायचे, आणि पलीकडच्या अंगाने तळ्याच्या काठाकाठाने उतरून पुन्हा चौकीशी यायचं. चालत्या माणसाला पाच तास पुरत.

सुशीलचा नंबर चौदा होता. त्याने बिल्ला शर्टाच्या खिशात टाकला, वरचं बटण लावलं, आणि पाटीकडे पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलंच. नऊ नंबरचा खिळा रिकामा होता. तो बिल्ला आता शामरावांच्या घरी त्यांच्या मुलाच्या, भूषणच्या, फोटोपुढे असे. सकाळी शामरावकाकांना घ्यायला गेला तेव्हा सुशीलने तो तिथे बघितला होता. कलावतीकाकूंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला होता आणि नेहमीचंच विचारलं होतं, की त्या दिवशी भूषण रागात होता का रे. त्या दिवशी सकाळी दुर्गच्या बोरसीतलं एक स्थळ नाकारलं म्हणून त्या भूषणला टाकून बोलल्या होत्या. सुशील नाही म्हणाला होता, आणि चहा तसाच ठेवून उठला होता.

गेल्या वर्षी तळ्याच्या काठाला भूषणने चप्पल काढली आणि पाण्यात पाय सोडून बसला. सुशीलला रात्रीची पाळी गाठायची होती. ठेकेदाराचं काम, एक खाडा झाला तर दुसरा माणूस उभाच असायचा. भूषण हसून म्हणाला, "तू जाय. माझा बी बिल्ला टांगून दे. मी येतोच तुझ्या मागं." कारखान्याच्या फाटकावर ही पोरं एकमेकांचे बिल्ले अशीच टांगत, त्यात कुणाला काही वाटत नसे. सुशीलने दोन्ही टांगले. शामरावांनी भरलेली पाटी पाहिली आणि गाड्या सोडल्या. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं भूषण दुसऱ्या गाडीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. सुशील मात्र खिडकीतून मागे बघत राहिला आणि थांबा म्हणाला नाही. येईल कुणाच्या तरी मोटरसायकलवर, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भूषण तळ्यात सापडला. बिल्ला पाटीवर होता, म्हणजे पोरगा खाली उतरला होता आणि आपल्या मनाने परत पाण्याकडे गेला होता, असं सगळ्यांनी धरलं. काकूंनीही तेच धरलं. पहिल्या दिवशी सुशील भीतीने गप्प राहिला, नंतर गप्प राहिलो होतो म्हणून गप्प राहिला.

आज मात्र तो सांगायचं ठरवूनच आला होता.

चढाला लागल्यावर थोड्या वेळाने मागून आवाज आला. टिण, टिण. पितळ स्टीलवर हलकेच आपटावं तसा. चालताना हातातला बिल्ला पाण्याच्या बाटलीवर वाजवत राहायची सवय भूषणला होती. सुशील थांबला. मागे वाट होती, वाळका पाला होता, माणूस नव्हता. खिशातल्या किल्ल्या असतील म्हणून त्याने त्या काढून रुमालात गुंडाळल्या आणि पाठपिशवीत बाटलीपासून दूर ठेवल्या. पन्नास पावलं शांततेत गेली. मग पुन्हा, तितक्याच अंतरावर, टिण, टिण.

वरून धनंजयने हाक मारली, "अबे सुशील, मांगं मांगं कावून राहून राहिला? लगीन ठरलं का काय तुझं?" सगळे हसले. सुशीलही हसला आणि भराभर चढून त्यांच्यात मिसळला.

माथ्यावरून तळं पूर्ण दिसत होतं, दुपारच्या उन्हात ताटलीसारखं पडलेलं. डबे उघडले गेले. शामराव एका खडकावर वेगळे बसले होते, सुशील जाऊन त्यांच्याशेजारी बसला. खालून, इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं तरी स्पष्ट, तो आवाज येत होता. सुशीलने काकांकडे बघितलं. त्यांना तो ऐकू येत नव्हता.

"तुले सांगू का," शामराव तळ्याकडे बघतच म्हणाले, "तो बुडला, हे मी मानलं. पण खाली आल्ता ना तो. मग परत कावून गेला असन? त्याची माय रोज मले हेच पुसते."

वाक्य सुशीलच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काकांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी तोडून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "खाय बाबू. तू होता म्हणून आमाले आधार." सुशीलने पोळी खाल्ली. खाली पाटीशी सांगू, त्याने ठरवलं, तिथेच सांगितलं पाहिजे.

उतरताना आवाज त्याच्या मागे नव्हता, पुढे होता. बाकीचे गप्पा मारत निघून गेले, आणि तळ्याच्या काठाला त्याच जागेपाशी सुशील थांबला. खिसा चाचपला, बिल्ला होता. तो मोठ्याने म्हणून पाहू लागला. काका, बिल्ला मी टांगला. भूषण उतरलाच नव्हता. काकू त्याला बोलल्या म्हणून तो परत पाण्याकडे गेला, असं नाही. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला, तिसऱ्यांदा वाक्य सरळ आलं. पाच मिनिटं झाली असतील, फार तर दहा. तो टिण टिण आवाज आता चौकीच्या दिशेने लांब जात होता. मग थांबला.

सुशील जवळजवळ पळतच उतरला. वर्षभरात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चौकीपुढे कुणी नव्हतं. दोन्ही गाड्या गेल्या होत्या, त्यांची धूळ अजून वाटेवर तरंगत होती. चौकीला कुलूप होतं, फोनला नेटवर्क नव्हतं. काका आपल्याला सोडून जाणार नाहीत, पाटी भरल्याशिवाय तर नाहीच, असं मनात म्हणत तो भिंतीकडे वळला.

पाटी भरलेली होती. तेरा आणि पंधराच्या मधल्या खिळ्यावर चौदा नंबरचा बिल्ला टांगलेला होता. तो ओला होता. त्याच्या कडेवरून पाण्याचा एक थेंब भिंतीवर ओघळून खालच्या मातीत गेला.

नऊचा खिळा तेवढा रिकामा होता.

पाणी प्यायला पिशवीतून बाटली काढून त्याने डाव्या हातात धरली, पण झाकण उघडायचं राहून गेलं. उजव्या हाताने खिशाचं बटण काढलं. आत बिल्ला होता. त्याने तो बाहेर घेऊन उन्हाकडे धरला आणि नंबर वाचला. नऊ.

हा खिळ्याला लावला तर पाटी खरोखरच पुरी होणार होती आणि मग कुणालाच शोधायला कुणी येणार नव्हतं. नाही लावला तर काय होईल, हे त्याला कळेना. सांगायचं वाक्य अजून तोंडात तयार होतं. ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं. सुशील पाटीपुढे उभाच राहिला, एका हातात बाटली आणि दुसऱ्यात बिल्ला घेऊन, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो आवाज पुन्हा सुरू झाला आहे, अगदी जवळ, आणि त्याचेच हात तो करत आहेत. टिण, टिण.