खाटेचा बोल्ट, चाकाचा गाभा

मी खिळ्यांच्या डब्यातला वाकडा बोल्ट बोलतोय. करंगळीहून बारीक, तळहाताएवढा लांब. डोक्यावर आठ पूर्णांक आठ असा मजबुतीचा शिक्का आहे. आमच्यात हा शिक्का म्हणजे मोठं खानदान. डब्यातले खिळे माझ्या वाकडेपणावर हसतात. हसू देत. त्यांच्यातल्या एकानंही आजवर कुणाचं माकडहाड मोडलेलं नाही.

जन्मतःच मला लालभडक करून तेलात बुडवलं. त्या आंघोळीनं मी असा कडक झालो की कानससुद्धा माझ्यापुढे दमायची. पुढे एका घडीच्या लोखंडी खाटेच्या पायात, बिजागरीत माझी नेमणूक झाली. खाट एका म्हातारीची. तिनं तीस वर्षं पंख्याच्या कारखान्यात कॉइल गुंडाळल्या होत्या. नवरा गेल्यावर ती लेकीकडे राहायला आली आणि आमची खाट पडली संडासासमोरच्या पॅसेजमध्ये. येणारा-जाणारा तिच्या पायांना बादली लावूनच पुढे जाई.

घरात मागची खोली होती, पण तिथे जावई चाक फिरवायचा. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, ब्याण्णव किलोंचा. सायकलच्या चाकाला कडेनं चुंबकं चिकटवलेली, शेजारी तारेची कॉइल, खाली स्कूटरची बॅटरी. चुंबक समोर आलं की कॉइलनं एक धक्का द्यायचा आणि लगेच गप्प बसायचं, एवढाच खेळ. पण त्याच्या मते हे चाक एक दिवस स्वतः फिरून बॅटरीही भरणार होतं.

"अहो, आईला ती खोली द्या ना," लेक म्हणायची.

"या वयात संडास जवळ हवा," जावई म्हणायचा. "तुझ्या आईच्या सोयीचंच बघतोय मी."

शेवटी नवरा-बायकोत पैज लागली. एका बॅटरीवर चाक सात दिवस फिरलं तर खोली त्याची, थांबलं तर आईची. म्हातारीला कुणी विचारलं नाही. तिनं आपलं गुपचूप बोचकं बांधून खाटेखाली ठेवलं.

धक्का नेमक्या वेळी देण्यासाठी त्यानं आधी काचेच्या नळीतला स्विच लावला. आत दोन पाती. चुंबक आलं की जुळायची, गेलं की सुटायची. दोन दिवसांत ठिणग्यांनी ती अशी चिकटली की नव्या जोडप्यानं लाजावं. मग बिनपात्यांचा स्विच म्हणून ट्रान्झिस्टर आणला आणि त्याला जागं करायला कॉइलवर बारीक तारेचं दुसरं वेटोळं चढवलं. ते जमलं. राहिला गाभा, म्हणजे कॉइलच्या भोकात बसवायचं लोखंड. रिकाम्या कॉइलला जोर नव्हता, खिळ्यांची जुडी भोकात खुळखुळायची. त्याची नजर खाटेखाली गेली. म्हातारी दात दाखवायला गेली असताना त्यानं मला उपसलं आणि माझ्या जागी दुहेरी तार पिळून ठेवली. खाट एका अंगाला कलली.

"कललेलं बरं असतं," तो तिला म्हणाला. "रक्त खेळतं."

गाभा म्हणून मी अगदीच नालायक निघालो. वीज आली की मी चुंबक व्हायचो, आणि वीज गेली तरी चुंबकच राहायचो. कडक लोखंडाची ही खोडच आहे, एकदा शिकलेलं सुटत नाही. चाक पुढे निघालं की मी त्याला मागून धरून ठेवायचो. चाचणीत दुसऱ्याच दिवशी ते कण्हायला लागलं.

म्हातारीनं पॅसेजमधून ते ऐकलं. "जावईबापू, गाभा कडक आहे. लाल करा आणि कोरड्या वाळूत पुरून हळूहळू निवू द्या. मऊ लोखंड पटकन धरतं, पटकन विसरतं."

तिनं स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतला? बिघडलेली कॉइल तिला ऐकवत नसे, दुसरं काय.

"सासूबाई, तुम्ही पंख्याची वेटोळी मोजलीत. हे संशोधन आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दार लावून नेमकं तेच केलं. वाळूतून निघालो तेव्हा माझा सगळा खानदानी कडकपणा उतरला होता.

चाक सात दिवस फिरलं. आठव्या दिवशी दुपारी बॅटरी मेली, पण पैज सातांचीच होती.

"याला डोकं लागतं," जावई बायकोला म्हणाला. पलीकडे म्हातारी बोचकं सोडत होती.

जिंकल्यावर त्याला वेल्डिंगच्या काड्यांचा नवा गाभा सुचला आणि मी परत खाटेपाशी आलो.

"घ्या, तुमचा बोल्ट. उगाच ऋण नको."

म्हातारीनं मला हातात घेतलं. कनवटीची किल्ली काढून माझ्यावरून ओढली. पूर्वी किल्लीच झिजली असती. आता माझ्या अंगावर लांब चरा उमटला. तिनं चऱ्याकडे पाहिलं, मग ब्याण्णव किलोंकडे पाहिलं.

"बसवा," ती म्हणाली.

त्यानं पान्यानं आवळलं. लिफ्टवाल्याच्या हाताला मऊपणा कळायला हवा होता, पण जिंकलेला माणूस हाताचं ऐकत नाही.

"आता झोपून बघा."

"नको बाई, भीती वाटते. आधी तुम्ही बसून दाखवा."

"मी बसलो तर तुमच्यासारख्या दोघी झोपतील यावर."

"म्हणून तर म्हणतेय."

तो हसत धपकन बसला. थोडा जोर धरला असता तर मी सावरलो असतो, असं खिळे म्हणतात. मी धरला नाही. मी वाकलो, पाय दुमडला, खाट मिटली आणि माकडहाड फरशीवर वाजलं.

"हळू, जावईबापू," म्हातारी म्हणाली. पण तो पडून झाल्यावर.

तीन महिने बसायचं नाही, फळीवर पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीनं फळी पॅसेजमध्ये टाकली.

"अगं, मला खोलीत तरी ने."

"या दुखण्यात संडास जवळ हवा," ती म्हणाली. "तुमच्या सोयीचंच बघतेय मी."

मागच्या खोलीत आता म्हातारी राहते. तिनं कॉइल सोडून नव्यानं गुंडाळली, गाभा बदलला. चाक असं फिरतं की नुसती वाऱ्याची झुळूक ऐकू यावी. पॅसेजमधून रोज प्रश्न येतो, "सासूबाई, कुठला गाभा घातलात? एवढं तरी सांगा."

"मला काय कळतं त्यातलं," ती आतून म्हणते. "मी आपली वेटोळी मोजते."

वाचकहो, एकच विनवणी आहे. मला ठोकून सरळ करू नका. मऊ लोखंड सगळं विसरतं म्हणतात, पण ते धपकन बसणं मला या बाकात जपून ठेवायचंय.