समासातलं वाक्य

एडेसाच्या ख्रिस्ती मठात गूर्याचं म्हातारपण जुन्या पुस्तकांची मेंढीच्या चामड्याची पानं पुन्हा लिहिण्यासाठी खरवडण्यात चाललं होतं. आज त्याच्यापुढे आलं ते त्याच्या गुरूंचं, झऊरांचं पुस्तक. धर्मसभेने झऊरांना पाखंडी ठरवलं होतं. हद्दपारीतच ते वारले. आता पुस्तक पुसायचं, आणि रविवारी वेदीपाशी वाचतात त्या मृतांच्या यादीतून नावही. यादी शेजारीच होती, तिच्यावर खरवडायची सुरी. मग त्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कुणी उरणार नव्हतं.

सगळा दोष एका वाक्याचा: ‘मेलेल्यांसाठी केलेली प्रार्थना देवाआधी मेलेले ऐकतात.’

ते झऊरांचं नव्हतंच. चाळीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा गूर्याने ते मूळ प्रतीच्या समासात लिहिलं होतं. पुढच्या नकलनविसाला वाटलं, सुटलेली ओळ असेल. त्याने ती मजकुरात घेतली. झऊरांना हे ठाऊक होतं. तरी सभेत ते एवढंच म्हणाले, “माझ्या पुस्तकात आहे ना, मग माझंच.” गूर्या मागे मान खाली घालून बसला होता.

त्याने पान ओलं केलं, दगडाने घासलं. मजकूर गेला. सकाळी पाहतो तर पान कोरं, पण समासात तेच वाक्य. अक्षर गूर्याचंच, तरुणपणीचं, डावीकडे झुकलेलं. त्याने पुन्हा घासलं. दुपारी पान वाळलं तसं वाक्य परत वर आलं. पाठीशी कुणीतरी खोकलं, झऊरा खोकायचे तसं, दोनदा. खोलीत कुणी नव्हतं.

“गूर्याअब्बा, अजून त्याच पानावर?” मठप्रमुख हबीब दारातून हसला. “त्या बिचाऱ्या मेंढीला दुसऱ्यांदा मारताय की काय!”

गूर्याने पान पुढे केलं. “हे वाचा. हे वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. यादीतलं नाव राहू द्या.”

हबीबने पान उजेडाला धरलं. “कोरं आहे की हो! जा, पडा जरा.”

खरंच कोरं होतं. आताही गप्प बसता आलं असतं.

“थांबा. लिहूनच देतो,” म्हणत गूर्याने बोरू उचलला.

“अहो, दौत कोरडी आहे.”

तरीही अक्षरं उमटत गेली. काळीभोर, डावीकडे झुकलेली. खाली त्याने आपलं नाव घातलं.

पाठीशी कुणीतरी खोकलं. या वेळी हबीबनेही वळून पाहिलं. मग छातीवर क्रूसाची खूण करून त्याने यादीवरची सुरी उचलून दूर ठेवली.