कोरडी होडी

किनवटच्या रामलिंगांचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. 'होडी झेपत नसेल तर कळवा, परत घेऊन जातो.' शेषेरावांनी कितीदा कागद पुढ्यात ओढला आणि बाजूला सारला. झेपत नाही, हे लिहायचं तरी कसं?

ही जुनी शिडाची होडी रामलिंगांनी कोकणातल्या नोकरीवरून परतताना आणली होती. शेषेरावांनी ती तीस हजारांना घेतली. जन्मभर पुस्तकांत वाचलेला वारा एकदा अंगावर घ्यावा, एवढीच हौस. पण घेण्याहून सांभाळणं महाग निघालं. लातूरच्या मंडपवाल्याकडून नवं शीड शिवून घेतलं, रेणापूरच्या अंगणात पत्र्याची शेड घातली, दर उन्हाळ्यात फळ्यांच्या फटींत पुट्टी भरली. तरी गावच्या तलावात उतरवली की होडी झिरपायची आणि शेषेराव घाबरून ती लगेच बाहेर काढायचे. पेन्शन जायची, गाव हसायचं.

शेवटी नांदेड रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला ते हो म्हणून बसले. तो होडीत कुंड्या मांडणार होता. सोमवारी त्याचा टेम्पो यायचा होता.

शनिवारी शेजारचा व्यंकटी डोकावला. त्यानं फटीत बोट घातलं.

"सर, ही सगळा उन्हाळा पत्र्याखालीच?"

"मग? ऊन लागू नये म्हणून तर शेड केली."

"लई शिकलात तुम्ही! आमच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली, तर आम्ही काय करतो?"

"चाक पाण्यात टाकता. लाकूड फुगतं आणि..." शेषेरावांची नजर फळ्यांच्या फटींकडे गेली.

"बोला की, का थांबलात?"

फळ्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून दोघांनी सगळी पुट्टी खरवडली, ट्रॅक्टरनं होडी व्यंकटीच्या शेततळ्यात नेली आणि दगड भरून बुडवली.

सोमवारी ढाबेवाला तळ्याच्या काठावर येऊन उभा राहिला. "अहो, बुडाली की ही!"

"बुडवलीय," शेषेराव म्हणाले. इतक्या मोठ्यानं ते आयुष्यात बोलले नव्हते. "आणि विकायची न्हाई."

नवव्या दिवशी दगड काढून, पाणी उपसून होडी तलावात उतरली. शेषेरावांनी तळाच्या फळ्यांवर हात फिरवला. थेंब नाही! शिडात वारा भरला, तशी होडी सरसर निघाली. व्यंकटीनं दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"सर, हिला ब्रेक कुठं हाय?"

"न्हाईच!" शेषेराव ओरडले.

काठावर सगळं गाव उभं होतं. कुणी हसत नव्हतं.

घरी येताच तुषारांनी भिजलेले कपडेही न बदलता त्यांनी लिहायला घेतलं. 'होडी देणार नाही. दोर, रंग, शीड, खर्च लागतोच आणि तो मी करीन. तलाव भरलेला आहे तोवर येऊन जा, तुम्हाला फिरवून आणतो.' एकही खाडाखोड झाली नाही. बसस्टँडजवळच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं आणि ते आत पडल्याचा आवाज नीट ऐकला.